सुएझ, किलोमीटर 151: सकाळचे 7:40

6 ऑगस्ट 2015. सुएझ कालव्याच्या नव्या वाटेचे उद्घाटन. चाळीसहून अधिक ड्रेजरांनी रात्रंदिवस उपसा करून वर्षभरात काम उरकले आहे: 35 किलोमीटर नवी वाट, 37 किलोमीटर जुनी वाट खोल आणि रुंद. किलोमीटर 122 च्या पुढचा, सुएझ शहराकडचा दक्षिण पट्टा मात्र एकपदरीच राहतो.

22 मार्च 2021, रात्र. कतारहून गॅस घेऊन आलेले 'रशीदा' जहाज वाऱ्याचा रागरंग पाहून थांबायचे ठरवते. 'एव्हर गिव्हन' थांबत नाही. लांबी 400 मीटर, कंटेनर सुमारे 18,300. जहाजावर 25 जण, सगळे भारतीय.

23 मार्च, पहाट. कालव्याचे दोन पायलट जहाजावर आहेत. या हवेत आत शिरावे की नाही, यावर पायलट आणि नियंत्रण कक्ष यांचे एकमत नव्हते, असे जहाजाच्या मालकांचे वकील पुढे न्यायालयात ध्वनिमुद्रणाच्या आधारे सांगणार आहेत. जहाज आत शिरते. पुढच्या 'कॉस्को गॅलेक्सी'सोबत टग आहे, याच्यासोबत नाही.

7:28. वेग 13.5 नॉट. मर्यादा 8.6. वाऱ्याचे झोत 40 नॉटपर्यंत, हवेत धूळ. कंटेनरांची भिंत शिडासारखी वारा धरते. अशा वाऱ्यात सुकाणूचा ताबा राहावा म्हणून वेग लागतो, आणि अरुंद पाण्यात तोच वेग घात करतो. जहाज काठाला सरकले की मधल्या चिंचोळ्या जागेतले पाणी जोराने धावते, तिथला दाब उतरतो, जहाजाची मागची बाजू काठाकडे ओढली जाते आणि नाळ समोरच्या काठाकडे वळते.

बारा मिनिटे उरली आहेत.

7:40. नाळ पूर्वेच्या काठात घुसते, मागची बाजू पश्चिमेला टेकते. मागून येणारे 'मर्स्क डेन्व्हर' थांबते. कालवा बंद.

काही तासांत काठावर एक पोकलेन येतो. दोन लाख टनांहून जड जहाजाच्या नाळेखाली त्याची बकेट दगड उकरते, वाळू बाजूला टाकते, पुन्हा आत जाते. जगभर त्याच्या छायाचित्रावर हसू उसळते. आत बसलेल्या चालकाला जहाज आपल्या अंगावर कलंडेल अशी भीती आहे. तो रात्री तीन तास झोपतो आणि पुन्हा केबिनमध्ये चढतो. हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

पाण्यातून 'मशहूर' ड्रेजर लागतो. क्षमता ताशी 2,000 घनमीटर. एकूण उपसा सुमारे 30,000 घनमीटर.

28 मार्च. फाल्गुन पौर्णिमा, आपल्याकडे होळी. सगळे उधाणाच्या भरतीकडे डोळे लावून आहेत. खोळंबलेली जहाजे 369.

29 मार्च, पहाटे 4:30. मागची बाजू सुटते.

दुपारी 3:05. जहाज तरंगते.

या बचावकार्यात एका कामगाराचा जीव गेला. नुकसानभरपाईच्या वादात जहाज 7 जुलैपर्यंत अडकवून ठेवले गेले.

11 मे 2021 रोजी दक्षिण पट्टा 40 मीटरने रुंद करण्याची योजना जाहीर झाली. ड्रेजर 2015 मध्येही होते. हे 40 मीटर तेव्हाच खोदायला हवे होते.