अंजीर : उष्ण प्रदेशातील लागवड आणि काढणी

बेंगळुरू : अंजीर हे भूमध्य सागराच्या परिसरातील व पश्चिम आशियातील फळझाड भारतात मुख्यतः दख्खनच्या पठारावर रुजले. महाराष्ट्रातील पुरंदर तालुका, कर्नाटकातील बळ्ळारी जिल्हा आणि श्रीरंगपट्टणजवळील गंजाम ही या फळाची दक्षिणेतील परिचित ठिकाणे होत. बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथील, 1967 मध्ये स्थापन झालेली भारतीय बागायती संशोधन संस्था ही देशातील फळपिकांवरील प्रमुख संशोधन संस्था आहे.

अंजिराचे शास्त्रीय नाव फायकस कॅरिका असे असून वड, पिंपळ व उंबर हे त्याचे सगोत्र वृक्ष आहेत. ज्याला फळ म्हटले जाते तो वस्तुतः आतल्या बाजूस फुले असलेला मांसल पुष्पविन्यास होय. ‘उंबराचे फूल’ दुर्मीळ मानले जाते त्याचे कारणही हेच. फुले असतात, पण ती फळाच्या पोकळीत दडलेली असतात. स्मर्ना गटातील अंजिरांना परागीभवनासाठी विशिष्ट सूक्ष्म गांधीलमाशीची गरज असते. ‘पूना अंजीर’ मात्र सामान्य गटातील असल्याने परागीभवनाशिवायच फळे धरते. त्यामुळे या फळात कीटक असतोच, हा समज या वाणाबाबत निराधार ठरतो.

जमीन आणि लागवड

कोरडी हवा, भरपूर सूर्यप्रकाश आणि पाण्याचा उत्तम निचरा या अंजिराच्या मूलभूत गरजा आहेत. मध्यम काळी अथवा तांबूस, चुनखडीयुक्त जमीन त्याला मानवते. पाणी साचणाऱ्या जमिनीत मुळे कुजतात. अभिवृद्धी पक्व फांद्यांच्या छाट कलमांनी केली जाते. झाडांत पाच मीटर अंतर राखल्यास हेक्टरी 400 झाडे बसतात. पर्जन्यछायेतील पुरंदरची हवा पिकाला पोषक आहे. बेंगळुरूत मात्र सप्टेंबर व ऑक्टोबर हे सर्वाधिक पावसाचे महिने असल्याने दमट हवेतील रोगांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. शहरातील गच्चीवर मोठ्या कुंडीतही अंजीर वाढते; मात्र कुंडीला निचऱ्याची छिद्रे व दिवसभराचे ऊन हवे.

महाराष्ट्रात पूना अंजीर, दिनकर व फुले राजेवाडी हे वाण परिचित आहेत. कॅलिफोर्नियात विकसित झालेले कोनाड्रिया व डायना हे वाणही भारतात आले असून डायनाची फळे आकाराने मोठी असतात.

छाटणी आणि बहार

अंजिराची फळे मुख्यतः नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत येतात. म्हणून छाटणी हा उत्पादनाचा पाया ठरतो. दख्खनमध्ये दोन बहार धरले जातात. पावसाळ्याच्या प्रारंभी छाटणी करून घेतला जाणारा तो ‘खट्टा’ बहार, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणी करून उन्हाळ्यात काढला जाणारा तो ‘मीठा’ बहार. फळे पोसताना हवा कोरडी व ऊन स्वच्छ असल्याने मीठ्या बहाराची गोडी अधिक असते.

तांबेरा हा या पिकाचा मोठा शत्रू. पानांच्या खालच्या बाजूस तपकिरी पुटकुळ्या येऊन पाने अकाली गळतात आणि फळे पोसत नाहीत. गळलेली पाने गोळा करून नष्ट करणे, झाडाच्या मध्यभागी हवा खेळती ठेवणे आणि बोर्डो मिश्रणाची वेळेवर फवारणी करणे हे प्रचलित उपाय आहेत. खोडकिडा आतून खोड पोखरतो. बुंध्याशी पडलेला भुसा ही त्याची पहिली खूण.

काढणी

अंजिराच्या अर्थकारणाचा खरा कस काढणीत लागतो. झाडावरून उतरवलेले कच्चे फळ आंब्याप्रमाणे आढीत गोड होत नाही. त्यामुळे ते झाडावरच पिकावे लागते. दुसरीकडे पूर्ण पिकलेले फळ सामान्य तापमानात एक-दोन दिवसांतच मऊ पडून आंबू लागते. फळ रंगावर येणे, हाताला मऊ लागणे आणि देठाजवळ झुकणे ही पक्वतेची लक्षणे होत. एक दिवस आधी तोडले तर ते बेचव राहते, एक दिवस उशीर झाला तर तडकते. ऐन तोडणीत आलेला अवकाळी पाऊस हंगामभराचे श्रम वाया घालवू शकतो.

तोडणी पहाटे किंवा सकाळच्या थंड वेळी, देठासह केली जाते. देठातून पाझरणारा पांढरा चीक त्वचेला दाहक असल्याने हातमोजे वापरणे हितकारक ठरते. सर्व फळे एकाच वेळी पिकत नसल्याने तोडणी अनेक आठवडे टप्प्याटप्प्याने चालते.

टिकाऊपणाच्या या मर्यादेवर प्रक्रिया हा एक उपाय आहे. पूना अंजीर प्रामुख्याने ताजे खाण्यासाठीच उपयुक्त मानले जाते. भारतात विकल्या जाणाऱ्या सुक्या अंजिरांचा मोठा वाटा अफगाणिस्तानातून येतो. पुरंदरच्या अंजिरास 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 2024 च्या ऑगस्टमध्ये या अंजिरापासून तयार केलेला रस पोलंडला रवाना झाला. ज्या फळाला शेजारच्या शहरात पोहोचण्याचीही घाई असते, त्याला यामुळे समुद्रापलीकडची बाजारपेठ खुली झाली.

मानांकनाने नाव सुरक्षित होते, जमीन नव्हे. पुरंदर तालुक्यात प्रस्तावित विमानतळासाठी सात गावांतील जमिनीच्या संपादनाला फळबागायतदारांसह अनेक शेतकऱ्यांनी विरोध नोंदविला आहे. अंजिराची बाग काही वर्षांच्या छाटणीने व निगराणीने घडते. ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही. या फळाचे दख्खनमधील भवितव्य म्हणूनच हवामान आणि बाजारभाव यांच्याइतकेच जमिनीच्या वापराविषयीच्या निर्णयांवरही अवलंबून आहे.