थंड इंजिनाची नाडीपरीक्षा

डीझेल-इंजिनाची थोरवी सांगतांना त्यास ठिणगी लागत नाहीं हें आवर्जून सांगतात. पेट्रोलच्या इंजिनांत विजेची ठिणगी पाडावी लागते. येथें हवाच इतकी दाबतात कीं ती तापते आणि तिच्यांत उडविलेलें तेल आपोआप पेट घेतें. रूडॉल्फ डीझेल यानें १८९३ च्या ऑगस्टमध्यें बव्हेरियांतील आउग्सबुर्ग येथें पहिला प्रयोग केला तो याच तत्त्वावर. परंतु या मानी यंत्राला थंडीची भीति फार! सिलिंडरच्या गार भिंती हवेची ऊब शोषून घेतात आणि तेल पेटण्याऐवजीं पांढरा धूर होऊन बाहेर पडतें.

मोठीं इंजिनें दाबून साठविलेल्या हवेच्या जोरानें चालू करीत. विहिरीवरचें लहान इंजिन आपला शेतकरी हँडल मारून चालू करी. मोटारींतल्या गृहस्थास हे दोन्ही उपाय सोयीचे नव्हते. त्यांत १९०९ सालीं बेन्झ कंपनीच्या प्रॉस्पर लोरांज यानें सिलिंडरला जोडून एक चिमुकली कोठडी करण्याची युक्ति काढली. तेल प्रथम या कोठडींत पेटूं लागल्यामुळें इंजिन आकारानें लहान करतां आलें; पण भिंती वाढल्या, आणि ऊब अधिकच पळूं लागली. म्हणून कोठडींत तारेचें वेटोळें बसवून तें विजेनें लाल करण्याची सोय आली. हाच ग्लो-प्लग. १९३६ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मांडलेल्या मर्सिडीझ-बेन्झ २६० डी या मोटारीलाही असे प्लग होते. ते तापेपर्यंत चालकाला स्वस्थ बसावें लागे. या खोळंब्याला जर्मन लोकांनीं ‘रूडॉल्फ डीझेलच्या स्मृतीचें एक मिनिट’ असें मिस्किल नांव ठेवलें.

हे जुने प्लग एकसर जोडणीचे असत, म्हणजे एकाच प्रवाहानें सर्वांतून क्रमानें जावयाचें. त्याच वाटेवर चालकासमोर एक लहानशी तार बसविलेली असे. प्लग तापले कीं तीही लाल होई. एका प्लगची तार तुटली कीं सारेच विझत, आणि समोरची तारही काळी राही. उलट ती नेहमींपेक्षां लवकर व भगभगीत लाल झाली, तर प्रवाहानें मध्येंच कोठें तरी जवळची वाट काढली आहे, असें समजावें. मेकॅनिक प्रवाह सुरू ठेवून एकेका प्लगचीं दोन टोकें तारेनें जोडी. ज्या प्लगाशीं समोरची तार उजळे तोच अपराधी. मला तर ही व्यवस्था फार प्रामाणिक वाटते. दोष घडला कीं तो सर्वांदेखत घडे.

पुढें धातूच्या नळींत तार बंद केलेले, पेन्सिलीसारखे प्लग आले व ते समांतर जोडले जाऊं लागले. आतां एक मेला तरी तीन जळत. सोय मोठी झाली, पण दोष लपूं लागला. थंड सकाळीं इंजिन घटकाभर थरथरे, धूर टाके, मग कांहींच झालें नाहीं असें चालूं लागे. मुंबईच्या उबदार हवेंत तर तेवढेंही लक्षांत न येई. येथें अँपिअर-मापक उपयोगीं पडे. प्रत्येक प्लग दहा अँपिअर ओढणारा असला, तर चौघांचे चाळीस. काटा तिसांवर स्थिरावला कीं एक गेला. कोणता, हें पाहण्यासाठीं मात्र सर्वांना जोडणारी पट्टी आधीं सोडावी लागे. नाहींतर धडधाकट शेजारी मेलेल्याची साक्ष आपणच देऊन मोकळे होत. गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकानें १८२७ सालीं मांडलेल्या नियमाचा एवढा घरगुती उपयोग त्याच्या स्वप्नींही नसेल!

आजच्या मोटारींत प्लगाला बारा व्होल्ट सतत मिळतच नाहींत. नियंत्रक पेटी प्रथम क्षणभर भरपूर वीज देऊन नंतर ती झपाट्यानें चालू-बंद करते. दोन-तीन सेकंदांत टोंक रसरसतें. इंजिन सुरू झाल्यावरही धूर कमी व्हावा म्हणून तें कांहीं काळ तापत ठेवतात. असे कित्येक प्लग पांच-सात व्होल्टांसाठींच घडविलेले असतात. जुन्या संवयीनें त्यांस थेट बॅटरी लावणारा मेकॅनिक परीक्षा करतां करतां रोग्यालाच मारतो.

दोष आतां पेटीच सांगते, तोही अंकांत. पी ०६७१ याचा अर्थ, पहिल्या सिलिंडरच्या ग्लो-प्लगचें मंडल. शब्द नीट ऐकावा: मंडल, प्लग नव्हे. त्यांत तार आली, तिचें गंजलेलें टोंक आलें, खुद्द पेटीही आली. तरीही पुष्कळ ठिकाणीं अंक वाचतांच प्लग बदलतात, आणि दिवा पुन्हां लागतो. म्हणून आधीं तार सोडून प्लगचा रोध मोजावा. चांगल्या धातूच्या प्लगाचा रोध थंडपणीं बहुधा एका ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. तुटलेल्यांतून प्रवाहच जात नाहीं. तो बरा निघाला, तर पेटीपासून प्लगापर्यंतची तार तपासावी, आणि पेटीचा संशय शेवटीं घ्यावा.

एवढी घाई टाळावयाची ती केवळ प्लगाच्या किंमतीसाठीं नव्हे. वर्षानुवर्षें काजळींत रुतलेला प्लग जोर लावतांच मोडतो व त्याचें टोंक आंत अडकतें. मग प्रसंगीं सबंध हेड उतरवावें लागतें. जाणते मेकॅनिक म्हणूनच इंजिन कोमट असतांना, आटे भिजवून, हातानें अंदाज घेत घेत तो सोडवितात, आणि न हलला तर त्या दिवशीं तसाच ठेवतात.