नोंदवहीतून आज्ञावलीकडे

रेडिओ स्कॅनर एकामागून एक वारंवारता तपासत जातो आणि संदेश कानी पडला की थांबतो. अशा वारंवारता नोंदवून ठेवणारी संगणकाची आज्ञावली लिहायची, तर पहिला प्रश्न संगणकाचा नसतोच. नेमके काय नोंदवायचे, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर कागदावर फार पूर्वीच मिळाले आहे.

१९३९ साली युद्ध सुरू होताच ब्रिटनमध्ये हौशी रेडिओवाल्यांचे प्रेषक सरकारजमा झाले. पुढे 'रेडिओ सिक्युरिटी सर्व्हिस'ने याच मंडळींना शत्रूच्या हेरांचे संदेश टिपण्याच्या कामाला लावले. दिवसा नोकरी करून रात्री ते घरी बसत आणि लघुलहरींचा नेमून दिलेला पट्टा ऐकत. वेळ, वारंवारता, पुकारचिन्ह आणि मोर्समधील अक्षरांचे गट कागदावर उतरवून टपालाने 'पेटी क्रमांक २५, बार्नेट' या पत्त्यावर पाठवत. नेहमीची केंद्रे ओळखीची झाली, की त्यांतला परका लगेच कळे. मजकुराचा अर्थ मात्र त्यांना ठाऊक नसे. ते काम दुसऱ्यांचे होते. ब्रिटनमध्ये हेर फारसे सापडले नाहीत, पण जर्मन हेरखात्याचे युरोपभरचे जाळे या कागदांतून उलगडले. डिसेंबर १९४१ मध्ये ब्लेचली पार्कला त्या खात्याच्या एनिग्मा यंत्राचीही उकल झाली.

नोंदीची दुसरी बाजू आपल्याकडे दिसते. २७ ऑगस्ट १९४२ पासून उषा मेहता व त्यांचे सहकारी मुंबईत गुप्तपणे चालवत असलेला काँग्रेस रेडिओ आपले स्थान '४२.३४ मीटर' असे सांगे. प्रकाशाच्या वेगाला या तरंगलांबीने भागले, की सुमारे ७.१ मेगाहर्ट्झ येतात. श्रोत्यांबरोबर पोलीसही ऐकत होते आणि भाषणे टिपून घेत होते. १२ नोव्हेंबरला अटक झाली आणि ती टिपणे खटल्यात मांडली गेली. चोख नोंद ज्याच्या हाती, त्याच्या कामी येते.

आता आज्ञावलीकडे वळू. समजा, विद्यार्थ्याला १०,८९० किलोहर्ट्झवर एक केंद्र ऐकू आले. ते खरे ११,८०० वर असू शकते. ज्या साध्या संग्राहकाची मध्यवर्ती वारंवारता ४५५ किलोहर्ट्झ असते, त्यात जोरकस केंद्राचे 'प्रतिबिंब' तिच्या दुप्पट, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ खाली उमटते. हे कळल्यावर आपण उत्साहाने १०,८९० खोडून ११,८०० लिहितो. पण आपला तर्कच चुकला असेल, तर तो तपासायला आता काहीच उरलेले नसते.

म्हणून आम्ही दोन तक्ते वेगळे ठेवतो. पहिल्यात ऐकलेले: दिनांक, वेळ, वारंवारता, संग्राहक, ठिकाण, ऐकणारा. यातले काहीही नंतर बदलायचे नाही. वेळ भारतीय की जागतिक, हे ठरवून लिहायचे. साडेपाच तासांचा घोळ तिथेच होतो. दुसऱ्या तक्त्यात केंद्राचे नाव व आपला अंदाज. तो हवा तितक्या वेळा बदलावा.

संगणक नसला तरी साधा ट्रान्झिस्टर आणि दुरेघी वही वर्गात पुरते. मध्यम लहरींवर दुपारी बारा आणि रात्री नऊ वाजता आठवडाभर नोंदी घ्या. रात्री दूरची केंद्रे का वाढतात, हा प्रश्न मुलेच विचारतील. तोवर पहिल्या तक्त्यात कोणालाही खाडाखोड करू देऊ नका.