ट्रॅक्टर डोंगरावर का चढला नाही

कोकणातल्या उतारावरची चार-पाच एकर माजलेली जमीन साफ करायला घेतली, की पहिला प्रश्न यंत्राचा निघतो. छोटा ट्रॅक्टर घ्यावा का, किती अश्वशक्तीचा, मागे गवत कापायचा स्लॅशर लावता येईल का, की खांद्यावरचा ग्रास कटरच बरा? प्रश्न दुकानातला वाटतो, आणि दुकानदार त्याचे उत्तर अश्वशक्तीतच देतो. पण अश्वशक्ती ही इथली अडचण कधीच नव्हती. गेल्या दीडशे वर्षांत हा उतार कोणी, कशासाठी आणि कोणाच्या हातांनी मोकळा ठेवला हे पाहिले, तर दिसते ते असे: ट्रॅक्टर हे जमीन कसण्यासाठी घडवलेले यंत्र आहे, आणि इथले काम जमीन कसणे थांबल्यामुळे उभे राहिलेले आहे. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही, म्हणून कोकणात ट्रॅक्टर सपाटीवरच राहिला. कोकणी शेतकरी मागासलेला किंवा आळशी होता म्हणून नव्हे.

आधी हा डोंगर मोकळा कसा राहत होता ते पाहू. भाताचा मळा खाली, वरकस वर, अशी कोकणच्या शेतीची जुनी मांडणी. वरकसावर नाचणी, वरी घ्यायची, दोन-तीन वर्षांनी जमीन पडीक टाकायची, मग तिथे गवत आणि झुडपे वाढू द्यायची. हे पडीक रान बिनकामाचे नव्हते. गुरे त्यावर चरत, घरे गवताने शाकारली जात, आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजायला, म्हणजे रोपे पेरायची जमीन भाजून घ्यायला, लागणारी शेण, टहाळ, पाला, गवत ही सगळी सामग्री गोठ्यातून आणि डोंगरावरूनच येई. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर भातखाचराला वरकस जोडून दिलेले असे, ते याच हिशेबाने. १८७८ च्या वन कायद्यानंतर टहाळ तोडण्यावर बंधने आली, तेव्हा शेतकऱ्यांचा ओरडा इतका झाला की सरकारला १८८५ मध्ये या दोन जिल्ह्यांच्या तक्रारींसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. राब ही रानटी उधळपट्टी आहे असे म्हणणारे साहेब होते, तसेच शेतकऱ्याला आपले काम कळते असे म्हणणारेही होते. रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांच्या १८९३ च्या भारतीय शेतीवरील अहवालात हा वाद गांभीर्याने घेतला आहे. त्या वादात कोण बरोबर होते हा वेगळा विषय. इथे महत्त्वाचे इतकेच, की त्या काळी डोंगरावरचे गवत आणि झुडूप मुळात कमी पडत होते. उत्तर कोकणातून गवत दाबून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जाई. ज्या वस्तूवरून सरकार आणि रयत भांडत होते, तीच आज पैसे मोजून कापून फेकावी लागते, आणि यंत्राचा प्रश्न या उलथापालथीतून जन्मला आहे.

ही उलथापालथ एका दिवसात झाली नाही. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू झाली आणि पुढच्या शंभर वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याने गिरण्यांना सर्वांत जास्त माणसे दिली. पण माणूस गिरणीत गेला तरी घर, गुरे आणि बायकांचे कष्ट गावात होते, म्हणून वरकसाची शेती चालू राहिली. खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या मध्यस्थाच्या, अमलात डोंगर कसणाऱ्या कुळाला त्या जमिनीत पैसा किंवा कायमचे श्रम घालण्यात अर्थ नव्हता, कारण फायदा खोताकडे जायचा. डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत मांडले, कायदा मात्र १९४९ चा. त्यानंतर १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळे मालक झाली. मालकी आली तेव्हा घरातली तरणी माणसे मुंबईत होती, आणि सातबाऱ्यावर भावाभावांची, चुलत्यांची, पुढे त्यांच्या मुलांची नावे वाढत गेली. रासायनिक खत आले तसा राबाचा आधार सुटला, कौले आणि पत्रे आले तसे शाकारणीचे गवत सुटले, गोठे रिकामे झाले तसा चारा सुटला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच बुडाल्या. काही माणसे गावी परतली, पण नाचणीकडे परतली नाहीत. १९९०-९१ पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेने त्याच उतारांवर आंबा आणि काजू लावला. आता झाडे होती, गुरे नव्हती. झाडांमधल्या मोकळ्या जागेत, तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या प्रदेशात, गवताबरोबर करवंदाच्या जाळ्या, कुडा आणि अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेली रानमोडी व घाणेरी माजली. पावसाळ्यानंतर ते कापले नाही तर फेब्रुवारीपासून वणव्याचे भय. पंधरा वर्षे वाढवलेला काजू एका दुपारी जळतो.

आता ट्रॅक्टरकडे येऊ. गंमत अशी की स्वतंत्र भारतात सरकारी ट्रॅक्टरने हाती घेतलेले पहिले मोठे काम गवत उपटण्याचेच होते. मध्य भारताच्या काळ्या जमिनीत कांस नावाचे खोल मुळांचे गवत माजून लाखो एकर जमीन पडीक पडली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मागे राहिलेल्या अमेरिकी लष्करी ट्रॅक्टरांवर केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेने याच कामाच्या यंत्रांसाठी भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. उन्हाळ्यात जमीन खोल नांगरायची, मुळे उन्हात उघडी पाडायची, ही त्यामागची रीत. म्हणजे ट्रॅक्टरने गवताला हरवले ते जमीन उलथून. मैलोन्‌मैल सपाट, दगड नसलेल्या मातीत हे शोभले. जूनमध्ये मुसळधार पाऊस पडणाऱ्या जांभ्याच्या उतारावर तीच रीत वापरली, तर पहिल्याच पावसात माती ओढ्याला लागेल. कोकणात गवत कापायचे असते आणि मुळे जागेवर ठेवायची असतात, कारण तीच माती धरून ठेवतात. पुढे आयशरने १९५९ मध्ये देशात बनवलेला ट्रॅक्टर आणला, मग पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचे ट्रॅक्टर पसरले. तेही घडले होते नांगर आणि ट्रॉलीसाठी. महाराष्ट्रात पंधरा-वीस अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर लोकप्रिय झाला तो नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत, दोन ओळींमधून फवारणी यंत्र ओढण्यासाठी. तो अरुंद आहे तो वेलींच्या ओळींसाठी. उतारावर हाच अरुंदपणा घातक ठरतो.

हे कसे, ते शाळेतल्या गणितानेही कळते. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर एक मीटर आणि यंत्राचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच धरला, तर उभा असलेला ट्रॅक्टर आडव्या अंगाने साधारण ३७ अंशांच्या उतारावर कलंडतो. आकडा धीर देणारा आहे, पण कागदावरच. गवतात लपलेल्या खड्ड्यात खालचे चाक २० सेंटिमीटर उतरले आणि वरचे १५ सेंटिमीटरच्या दगडावर चढले, की १९ अंश तिथेच गेले. उरले अठरा. त्यात वळणाचा झोका, ओल्या गवतावरची घसरण आणि उतारावर कललेले वजन आहेच. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर चालकाला वाचवणारी संरक्षक चौकट सक्तीची केली ती काही हौसेने नव्हे. म्हणून जाणकार उतारावर आडवे न जाता सरळ वर-खाली गवत कापायला सांगतात. पण कोकणात सरळ वर-खाली जायला मोकळी रेघ असते कुठे? मेर, गडगा, काजूची खाली लवलेली फांदी, सुरुंग लावून खणलेला आंब्याचा खड्डा. शिवाय स्लॅशरचे पाते जांभ्याच्या दगडावर आपटले की पात्याचे जे व्हायचे ते होतेच, तुकडा कुठे उडेल तेही सांगता येत नाही.

म्हणून कोकणात यंत्रे आली ती जमिनीच्या आकाराने वाटून. खालच्या मळ्यात पॉवर टिलर आला. ही जपानी भातशेतीची देणगी. बंगळूरच्या व्हीएसटीने मित्सुबिशीच्या आणि केरळच्या काम्कोने कुबोटाच्या तंत्रावर तो इथे बनवला. छोट्या खाचरात वळणारा, मेरेवरून हाताने चढवता-उतरवता येणारा टिलर बैलांची जागा घेऊ शकला. वर मात्र बराच काळ कोयता आणि विळाच राहिला. १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याची शेतकऱ्यांच्या घरात पोचलेली अवजारे पाहिली तर त्यांत दातेरी वैभव विळा आणि आंबे उतरवण्याचा नूतन झेला ही नावे पुढे येतात. दोन्ही हाताची अवजारे. कोणी याला संशोधनाची मर्यादा म्हणेल; मला तो जमिनीचा अचूक अंदाज वाटतो. मग खांद्यावरचा ग्रास कटर आला. गवत कापायचे पहिले यंत्र इंग्लंडमध्ये एडविन बडिंगला १८३० मध्ये लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून सुचले होते, आणि ते हिरवळीसाठी होते. नायलॉनच्या दोरीने गवत तोडायची युक्ती ह्यूस्टनच्या जॉर्ज बालासची, १९७१ ची. या यंत्रांना ट्रॅक्टरसारखी सपाटी लागत नाही, कारण तोल माणसाच्या पायांवर असतो. दगडाजवळ दोरी, झुडपाला पाते, झाडाच्या बुंध्याशी हात आवरता, ही निवड पावलापावलाला करता येते.

यावर पहिला आक्षेप गरिबीचा. कोकण मनीऑर्डरवर जगत होते, ट्रॅक्टर परवडत नव्हता, म्हणून घेतला नाही. बाकी सगळे नंतरचे समर्थन. यात तथ्य आहे, पण ते पुरे पडत नाही. पैसा नसणे हेच कारण असते, तर आंबा-काजूचे पैसे, अनुदाने आणि मुंबईची पेन्शन आल्यावर डोंगर ट्रॅक्टरांनी भरायला हवे होते. भरले ते ग्रास कटरने. जे बसते ते लोकांनी पटकन घेतले, जे बसत नाही ते अनुदानावरही उतारावर नेले नाही. तुकड्यांच्या मालकीचा मुद्दा याहून वजनदार आहे. सामाईक सातबाऱ्यावर कोण कर्ज काढणार? पण तो माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. जमिनीचा आकार म्हणजे नुसता चढ नव्हे, वाटण्या आणि गडगेही त्यात आले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: जपानही डोंगराळ, स्वित्झर्लंडही डोंगराळ, तिथे यंत्र चढले, मग इथे का नाही? जपानचे उदाहरण नीट पाहिले तर उलटे सांगते. तिथे १९४९ च्या भूसुधार कायद्यानंतर शेते जोडून, सपाट करून, पुढे शंभर मीटर बाय तीस मीटरच्या खाचरांत बसवली गेली, आणि मग छोटा ट्रॅक्टर त्यांत उतरला. जपानी डोंगरी पायऱ्यांच्या मेरांवरचे गवत आजही पुष्कळदा खांद्यावरच्या यंत्राने कापले जाते. आल्प्समध्ये गोष्ट वेगळी. तिथे एबीसारख्या कंपन्यांनी रुंद चाकांची, बुटकी, खास उतारावर गवत कापणारी यंत्रे बनवली आणि ती खरोखर चढतात. पण तिथे कापलेले गवत गाईच्या पोटात जाते, त्या गाईचे दूध विकले जाते, आणि डोंगरी शेती टिकावी म्हणून सरकार पैसे मोजते. कापलेल्या गवताला किंमत असली की महाग यंत्र परवडते. कोकणात ती किंमत दीडशे वर्षांपूर्वी होती, तेव्हा यंत्र नव्हते. यंत्र आले तेव्हा किंमत गेली होती.

अलीकडे तिसरी वाट निघाली आहे, आणि ती मला सर्वांत काळजीची वाटते. डोंगरावर ट्रॅक्टर चढत नसेल तर जेसीबी लावून डोंगरच पायऱ्यांत कापायचा. एका हंगामात होणारे हे काम पूर्वी पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. जुन्या माणसांनी घातलेल्या पायऱ्यांना दगडी बांध असे आणि पाणी जायला वाट असे. यंत्राने उकरलेल्या पायरीला पुष्कळदा मातीची उघडी कड तेवढी असते. अशा पायरीवर मिनी ट्रॅक्टर फिरतो, गणितही जुळते, पण दोन-तीन पावसाळ्यांनी कडा ढासळू लागल्या तर ट्रॅक्टरपेक्षा बांध महाग पडतो. सड्यावर, जिथे जमीन मुळातच सपाट आहे, तिथे गोष्ट वेगळी. पुरेशी माती असलेल्या सपाट तुकड्यावर वीस अश्वशक्तीचा, चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर आणि मीटरभर रुंदीचा स्लॅशर चांगले काम देतात, आणि तो सामाईकीत किंवा भाड्याने घेतला तर परवडतोही.

राहिला प्रश्न कष्टाचा. खांद्यावर यंत्र घेऊन दिवसभर उतारावर उभे राहणे, तो आवाज, तो थरथराट, उडणारे खडे, हे सोपे काम नाही. ग्रास कटर जमिनीला बसतो याचा अर्थ माणसाला बसतो असा होत नाही. आज कोकणातल्या अनेक बागांत हे काम नेपाळहून किंवा परजिल्ह्यांतून आलेले मजूर रोजावर करतात. म्हणून यंत्र निवडताना त्याच्या किमतीबरोबर कानाचे बूच, डोळ्यांचा चष्मा, पायाचे बूट आणि मधल्या विश्रांतीचा रोज धरायला हवा. बहुतेक हिशेबांत तो धरलेला नसतो.