इरेन श्वाइट्सर व लुई मोहोलो

१९६४ सालीं ‘ब्ल्यू नोट्स’ नांवाचा सहा वादकांचा एक ताफा दक्षिण आफ्रिकेंतून फ्रान्समधील आंतीबच्या जाझ महोत्सवास गेला. पियानोवादक ख्रिस मॅक्ग्रेगर तेवढे गोरे, बाकीचे पांच कृष्णवर्णी. त्यांच्या मायदेशीं एवढें अंतर पुरेसें होतें. वर्णभेदाच्या कायद्यांनीं असें एकत्र वादन जवळजवळ अशक्य करून सोडलें होतें. महोत्सव संपला, पण बहुतेक मंडळी परतली नाहींत. केपटाउनचे चोवीस वर्षांचे ड्रमवादक लुई मोहोलो हे त्यांपैकींच एक.

पुढें हा ताफा झुरिकला आला. तेथील ‘आफ्रिकाना’ कॅफेंत त्यांचें वादन ऐकणाऱ्यांत इरेन श्वाइट्सर ही तरुणी होती. मूळची शाफहाउझेनची, पियानो वाजवी, ड्रमही वाजवी. श्रोत्यांस नवल वाटेल, पण लोकशाहीचें माहेरघर म्हणविणाऱ्या स्वित्झर्लंडांत संघराज्याच्या निवडणुकींत स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९७१ सालीं! एकाला रंगामुळें देश पारखा, दुसरीला स्त्री म्हणून मत नाहीं. हे दोन अन्याय एका तोलाचे नव्हेत, हें उघड आहे. पण बाईंचा स्त्री-वादकांच्या चळवळींतील पुढाकार समजण्यास हें ध्यानांत ठेवावें लागतें.

१९८६ सालीं झुरिक येथें या दोघांचें जें वादन ध्वनिमुद्रित झालें, त्यांत पियानो व ड्रम यांवांचून तिसरें वाद्य नाहीं. आपल्याकडे तबलजी ठेका धरतो, गवई त्यावर विहार करतो, आणि समेवर सर्वांची मान डोलते. मुक्त जाझमध्यें अशी ठरलेली सम नसते. मोहोलो ठेका धरून बसत नाहींत, प्रश्न टाकतात. बाई कधीं बोटांनीं तर कधीं कोपरानें पट्ट्यांवर उत्तर देतात. मध्येंच आफ्रिकी नाचाची एखादी साधी चाल डोकावते व विरून जाते. हा निव्वळ गोंगाट नव्हे काय, असें कोणी विचारील. पहिलीं पांच मिनिटें तसें वाटतें खरें. मग कळूं लागतें कीं, दोघेंही एकमेकांचें ऐकत आहेत, आणि कोणीच कोणाचा साथीदार नाहीं.

त्यांतील एका तुकड्याचें नांवच ‘मंडेलांना मुक्त करा’ असें आहे. ज्या सालीं मोहोलोंनीं देश सोडला, त्याच सालीं मंडेलांस जन्मठेप झाली होती. ताफ्यांतील मोंगेझी फेझा १९७५ सालीं परदेशांतच वारले. जॉनी डायानी याच १९८६ सालीं बर्लिनमध्यें. १९९० च्या फेब्रुवारींत मंडेला सुटले. त्याच वर्षीं मॅक्ग्रेगर आणि डुडू पुक्वाना हेही गेले.

मोहोलो २००५ सालीं मायदेशीं परतले. श्वाइट्सर बाई २०२४ सालीं निवर्तल्या, आणि जून २०२५ मध्यें मोहोलो. त्या सहा जणांतले ते अखेरचे.