घोंगडें आणि धर्मशाळा

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास सांगतांना पाण्याची गोष्ट सांगितली जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या ठरावापासून त्या प्रकरणास आरंभ झाला, त्यांत निवाऱ्याचाही उल्लेख होता, हें बहुधा विसरलें जातें. सीताराम केशव बोले यांनीं मांडलेला तो ठराव मुंबई कायदे कौन्सिलानें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं संमत केला. सार्वजनिक पैशानें बांधलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळ्या असाव्यात, असें त्याचें म्हणणें होतें.

धर्मशाळा हा शब्द तेथें उगाच आला नव्हता. वाटेंत रात्र पडली म्हणजे वाटसरूस कोणाची ओटी, नाहीं तर धर्मशाळा. ज्याला दोन्ही बंद, त्यानें झाडाखालीं निजावें. त्याचें घर म्हणजे खांद्यावरचें घोंगडें. हातीं काठी व खांद्यावर घोंगडें ही गांवकामगार महाराची जुनी ओळख आहे. रात्रीं वेस राखणें हें तर त्याच्या कामापैकींच एक होतें. गांव निर्धास्त निजे तो याच्या जागरणावर!

असें घोंगडें पारखून घ्यावें लागे. देशावरच्या मेंढ्यांची लोकर राठ. तिचें सूत कातून धनगर व सणगर खड्ड्यांतल्या मागावर पट्टे विणीत आणि चिंचोक्याची खळ देऊन कापड ताठ करीत. नवें घोंगडें अंगाला टोंचतें, पण दाट विणीवर दंव वा हलकी सर चटकन् आंत शिरत नाहीं. मोठ्या पावसांत तें भिजून जड होतें खरें. तरी ओली लोकरही थोडीबहुत ऊब राखते. खालीं अंथरावें, वर पांघरावें, चालतांना डोक्यावर खोळ करावी. कोंकणांतलें इरलें लावणीच्या पावसांत उत्तम, पण तें घेऊन कोणास पाय पसरून निजतां येईल?

यूरोपांत हीच अडचण निराळ्या वाटेनें सोडविण्याचा यत्न झाला. चार्लस मॅकिन्टॉशनें १८२३ मध्यें रबराच्या कापडाचें पेटंट घेतलें. त्यानें पाऊस थांबला. पण अंगाची वाफही आंतच कोंडून निजणारा घामानें भिजूं लागला. पुढें १९६९ मध्यें अमेरिकेंत बॉब गोर यानें टेफ्लॉन ताणून वाफ जाऊं देणारा व थेंब अडविणारा पापुद्रा केला. उघड्यावर निजण्याच्या आजच्या पिशव्या बहुधा अशाच कापडाच्या असतात. मात्र सावित्रीकांठच्या आषाढांत बाहेरची हवाच ओथंबलेली असल्यामुळें वाफ बाहेर जाण्यास धजत नाहीं, हें घेणारानें ध्यानांत ठेवावें. हिंवाळ्याच्या कोरड्या रात्रीं तीच पिशवी चांगली.

ठरावास अनुसरून महाड नगरपालिकेनें १९२४ मध्यें तळें सर्वांस खुलें केलें, तें कागदावर. १९ व २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं महाडास परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशीं लोकांनीं तळ्याचें पाणी प्यालें. हे लोक आतां वीरेश्वराच्या मंदिरांत शिरणार, अशी आवई तेवढ्यांत उठली आणि जमावानें काठ्या घेऊन मंडपावर हल्ला केला. जेवणारे पानावरून उठले. तळ्याचा कोर्टांतला निकाल हायकोर्टानें १७ मार्च १९३७ रोजीं अस्पृश्यांच्या बाजूनें दिला. पण त्या दिवशींचा प्रश्न ओट्याचा होता. मार खाऊन पळालेल्यांपैकीं कित्येकांना महाडच्या मुसलमान कुटुंबांनीं आपल्या घरांत घेतलें.