चिखलदऱ्याचा ‘शोध’

बी. ए. च्या पहिल्या वर्षाला ‘माझे आवडते पर्यटनस्थळ’ हा निबंध आम्ही कित्येक वर्षे देत आलो आहोत. विषय शिळा आहे हे आम्हांलाही कळते. पण त्या निमित्ताने मुले निदान आपल्या परिसराविषयी चार ओळी लिहितात. अमरावती-अकोल्याकडच्या मुलांची निवड बहुधा चिखलदऱ्यावर येऊन थांबते, आणि या निबंधांचे दुसरे-तिसरे वाक्य ठरलेले असते: १८२३ साली हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचा शोध लावला. माहितीपत्रकांत हेच वाक्य आहे, गाइडांत हेच आहे, आणि विद्यार्थी असताना आम्हीही हेच लिहून गुण मिळवलेले आहेत. या वाक्यातल्या ‘शोध’ या शब्दापाशी आम्ही कधी थांबलो नाही, याची आता थोडी लाज वाटते.

ज्या ठिकाणाचा हा शोध, तेथून गाविलगडाचा किल्ला अवघा दीडेक मैल आहे. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ साली तो बांधला, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. ‘गाविलगड’ या नावात मात्र सुलतान नाही, गवळी आहे. म्हणजे चुन्या-दगडाचा किल्ला उभा राहण्यापूर्वी या पठारावर गुरे राखणारी माणसे होती, आणि किल्ल्याला नाव देण्याइतकी ती ठळक होती. पुढे १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्काने एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, राजधानी करून वऱ्हाडची स्वतंत्र गादी स्थापिली. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला, ब्राह्मण कुळात जन्मलेला. गडाच्या दरवाजावर दुतोंडी गंडभेरुंड कोरलेला दिसतो, त्याची आठवण या वंशकथेशी जोडण्याचा मोह अनेकांना झाला आहे. आम्हांलाही होतो. इमादशाही गेली, मोगल आले, मग नागपूरकर भोसले आले. गडावर शिबंदी होती, तलाव होते, मशीद होती, धान्य चढत होते, महसूल उतरत होता. एवढी वर्दळ असलेल्या पठाराचा १८२३ मध्ये ‘शोध’ लागला!

बरे, इंग्रजांना तरी हे पठार अपरिचित होते का? तेही नाही. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि तो तडक गाविलगडाकडे वळला. तो स्वतः गडाच्या दक्षिणेला राहिला; कर्नल स्टीव्हन्सनने मात्र डोंगराला वळसा घालून, वाट नव्हती तेथे वाट पाडत, सुमारे तीस मैल तोफा ओढून उत्तरेच्या अंगाने पठार गाठले. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरविणाऱ्या सेनापतीच्या कारकिर्दीतले एक पान या डोंगरात लिहिले गेले आहे. रॉबिन्सनच्या वीस वर्षे आधी इंग्रजांच्या तोफा ज्या पठारावर चढल्या होत्या, ते पठार त्यांना ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे?

मग १८२३ हेच साल का? देवगावच्या तहाने वऱ्हाडचा सपाट मुलूख निजामाकडे गेला, तरी गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले भोसल्यांकडेच राहिले होते. १८२२ च्या तहाने वर्धा नदी ही वऱ्हाडची पूर्व सीमा ठरली आणि मेळघाटचा डोंगराळ मुलूखही निजामाच्या पदरात पडला. निजामाच्या नावाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमातली फौज तेव्हा वऱ्हाडात होतीच. परतवाडा हे तर छावणीचेच गाव. त्या फौजेतला एक अधिकारी पुढच्याच वर्षी डोंगर चढून जातो आणि तेथे त्याला थंड हवा सापडते. आमचा तर्क एवढाच, की येथे शोध लागला तो जागेचा नव्हे, मोकळिकीचा. १८२२ पर्यंत तो दुसऱ्याचा डोंगर होता; १८२३ मध्ये तेथे हवा खायला जाता येऊ लागले. ज्याला आपण ‘शोध’ म्हणतो त्याला दस्तऐवजांच्या भाषेत ‘ताबा’ म्हणतात.

इंग्रजी वाक्याला उत्तर म्हणून आपल्याकडे दुसरी कथा सांगितली जाते, ती कीचकाची. भीमाने कीचकाला मारून येथल्या दरीत फेकले, जवळच्या कुंडात हात धुतले. म्हणून ते भीमकुंड, ती कीचकदरा आणि तिचेच पुढे चिखलदरा. सर्वांत उंच जागेचे नावही वैराट. भाषेचे शिक्षक म्हणून आम्हांला ही व्युत्पत्ती पटत नाही. ‘कीचक’मधली अक्षरे उलटसुलट करून ‘चिक’पर्यंत पोहोचता येते, पण पुढचा ‘ल’ कोठून आला, याचे उत्तर मिळत नाही. पावसाळ्यात त्या लाल मातीतून एकदा चालून आलेल्या माणसाला ‘चिखल’ हा शब्द शोधायला महाभारतापर्यंत जावे लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यात चिखली आहेच. विराटाची राजधानी तर राजस्थानातल्या बैराटवालेही आपली म्हणतात. तरीही लोककथेला आम्ही हसणार नाही. निदान तीत या डोंगराला कॅप्टनाच्या आधी कोणी पाहिले होते, एवढी कबुली आहे.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात साहेबलोकांचे पाय या डोंगराकडे वळू लागले. बंगले झाले, कॉफीची लागवड झाली, दऱ्यांच्या कडांना नावे मिळाली: हरिकेन पॉइंट, प्रॉस्पेक्ट पॉइंट. देवीच्या गुहेत, जेथे खडकातून पाणी ठिबकते, त्या जागेचे तर ‘देवी पॉइंट’ झाले. या जोडनावात वऱ्हाडच्या दीडशे वर्षांचा इतिहास आहे, असे आम्ही वर्गात सांगतो. मुले हसतात. पण दर्शन घेण्याची जागा ‘पॉइंट’ होते तेव्हा पाहण्याची तऱ्हाच बदललेली असते. भक्त देवीसमोर वाकतो. पर्यटक देवीकडे पाठ करून दरी पाहतो.

याच सातपुड्याच्या कडेने वऱ्हाडी माणूस त्याआधीही हिंडत होता. फक्त त्या हिंडण्याला त्याने ‘सहल’ म्हटले नाही. मोर्शी तालुक्यातल्या साळबर्डीला गरम पाण्याचे झरे आहेत, डोंगरात महादेवाची गुहा आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. गरम पाण्यात अंग शेकणे, थकवा उतरविणे आणि पुण्य जोडणे ही तीन कामे तेथे एकाच बुडीत होतात. हल्ली पैसे मोजून विकला जाणारा ‘स्पा’ याहून वेगळे काय देतो? मराठीच्या विद्यार्थ्याला साळबर्डीची ओळख मात्र दुसऱ्या वाटेने होते. ‘लीळाचरित्रा’च्या एकांकात चक्रधरस्वामींचा एकांतवास याच डोंगरात आहे, तपस्विनी मुक्ताबाईची भेटही येथलीच. त्याच तालुक्यात रिद्धपूर आहे, जेथे म्हाइंभटांनी मराठीतले हे आद्य गद्यचरित्र सिद्ध केले आणि जेथे अलीकडे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. या परंपरेने आपल्या ग्रंथासाठी निवडलेला शब्द ‘लीळा’ आहे, म्हणजे खेळ. रिद्धपूरचे गोविंदप्रभू मुलांत खेळतात, मागून खातात, देवळादेवळांतून स्वच्छंद फिरतात. देऊळ आणि विरंगुळा यांत भिंत घालण्याची गरज तेराव्या शतकातल्या या गद्याला वाटली नव्हती.

परतवाड्याजवळची मुक्तागिरी ही जैनांची सिद्धभूमी. डोंगराच्या कुशीत बावन्न मंदिरे आणि मधून कोसळणारा धबधबा. सरकारी नकाशात ती मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात आहे, पण तिच्या वाटेवरची वर्दळ मुख्यतः वऱ्हाडची. पावसाळ्यात यात्रेकरूंइतकेच धबधबा पाहायला आलेले तरुण तेथे दिसतात. आणि बहिरम! डिसेंबरच्या विसाच्या सुमारास सुरू होणारी ही यात्रा जानेवारी संपेपर्यंत चालते. टेकडीवर शेंदराने माखलेला भैरव, पायथ्याशी राहुट्या, आणि राहुट्यांपुढे मातीच्या हंडीत रटरटणारे मटण. कापूस घरी आलेला असतो, हातात चार पैसे असतात; कुटुंबेच्या कुटुंबे मुक्कामाला येतात. एके काळी तमाशाचे फड येथे रात्री गाजवीत. वऱ्हाडी शेतकऱ्याची सुटी कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही चिखलदऱ्याचे नव्हे, बहिरमचे नाव घेऊ. निबंधात मात्र ते कोणी लिहीत नाही. मटणाची हंडी आणि तमाशा ही गुण मिळवून देणारी सामग्री नव्हे, हे मुलांना आमच्यापेक्षा चांगले कळते.

या सगळ्या वर्णनांत एक माणूस अजून आलेला नाही. मेळघाटात कोरकू राहतात. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. त्यांची भाषा मराठीच्या नव्हे, मुंडारी-संथाळीच्या कुळातली. १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाटाची गणना झाली. १९९० च्या दशकात येथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्राला ‘कुपोषण’ हा शब्द पाठ करायला लावला. २००१ नंतर बोरी, कोहा, कुंड अशी गावे जंगलातून उठवून अकोट तालुक्याच्या सपाटीवर वसविण्यात आली. ज्या डोंगरात इतर सारे थंड हवेसाठी चढत होते, तेथून ही माणसे अकोल्याच्या उन्हात उतरली. त्यांच्या बोलीत या पठाराला काय म्हणतात, हे आमच्या एकाही निबंधात आलेले नाही, आणि आम्हीही तो प्रश्न कोणाला घातला नाही.

यंदा निबंध तपासताना आम्ही त्या ठरलेल्या वाक्यातल्या ‘शोध’ या शब्दाखाली लाल रेघ ओढली, समासात १८२२ हा आकडा लिहिला आणि तासभर वर्गात वरचे सारे सांगितले. मुलांनी मन लावून ऐकले. तास संपल्यावर धारणीकडची एक विद्यार्थिनी टेबलापाशी आली. “सर, पेपरात कोन्तं साल लिहाचं?” आम्ही क्षणभर घुटमळलो आणि म्हणालो, १८२३ लिही.